झोंपडींतील पक्वान्न : खानदेशी भरिताचा इतिहास

राजदरबारच्या पंक्तींत काय वाढलें गेलें हें बखरकार लिहून ठेवितात. शेतकऱ्याच्या ताटांत काय पडलें ह्याची नोंद क्वचितच होते. म्हणून गरिबांच्या पदार्थांचा इतिहास पाहावयाचा झाल्यास त्या पदार्थांचीच साक्ष काढावी लागते. भरीत आमच्याकडे पुरातन काळापासून असेंच होत आलें आहे, असें जळगांव-धुळ्याकडील मंडळी अभिमानानें सांगतात. ही साक्ष त्यांच्या म्हणण्यास कितपत पुष्टि देते, तें पाहूं.

असाच घरगुती अभिमान इंग्रजांना 'कॉटेज पाय' ह्या पदार्थाचा वाटतो. बारीक केलेलें मांस शिजवून त्यावर कुसकरलेल्या बटाट्याचा जाड थर द्यावयाचा आणि तें भट्टींत तांबूस होईपर्यंत भाजावयाचें, एवढीच त्याची कृति. कॉटेज म्हणजे खेड्यांतील झोंपडी. जेम्स वुडफर्ड नांवाच्या पाद्र्याच्या १७९१ सालच्या रोजनिशींत हें नांव आढळतें. परंतु ह्या अस्सल इंग्रजी पदार्थास झांकणारा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला! आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे.

आतां भरिताकडे वळूं. वांगें मात्र निःसंशय आपलें. संस्कृतांत त्यास वार्ताक म्हणतात. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून पुन्हा खाण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. परंतु ज्या हिरव्या मिरचीवांचून खानदेशी माणूस भरितास भरीत म्हणणार नाहीं, ती १४९२ पूर्वीं अमेरिकेबाहेर कोणास ठाऊक नव्हती. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें आणि त्यानंतर त्यांच्या व्यापाराबरोबर ती आपल्याकडे आली. भुईमुगाचें मूळही दक्षिण अमेरिकेंतच आहे.

राहिला विस्तव. खानदेशांत वांगीं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. कापूस ह्या प्रांतांत जुनाच; तथापि १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि येथील कापसाचे भाव एकदम चढले. त्याच दशकांत लोहमार्ग भुसावळपर्यंत आला. कपाशीचा पेरा वाढला आणि धुळें-जळगांव ह्या कापसाच्या मोठ्या पेठा बनल्या. हिवाळ्यांत वेचणी सरत येते, त्याच दिवसांत वांगीं भरास येतात. तेव्हां शेताच्या बांधावर फुकट पडलेलें हें जळण वांग्याखालीं गेलें असावें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

पऱ्हाटीची आंच झटकन् पेटते व लवकर विझते. वांग्याची साल करपते, आंतला गर शिजतो आणि त्यास धुराचा वास लागतो. मग साल काढून, बडगी नांवाच्या लांकडी भांड्यांत तो गर भाजलेल्या मिरच्या व लसूण ह्यांसह ठेंचतात. वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून तेलाची फोडणी देतात. जोडीला ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी असते. यावल तालुक्यांतील बामणोदचीं मोठीं, हिरवट वांगीं ह्यासाठीं नांवाजलेलीं आहेत. जळगांवच्या भरीत-वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

मानांकनानें वांग्याचें नांव राखलें, हें योग्यच झालें. पण हा पदार्थ पुरातन काळापासून जसाच्या तसा आहे असें म्हटलें, म्हणजे तो घडविणाऱ्यांचें श्रेय आपण हिरावून घेतों. मिरची जहाजांतून आली, भुईमूग समुद्रापलीकडून आला, कपाशीचा पेरा परक्या युद्धानें वाढविला. ह्यांपैकीं कशावरही खानदेशच्या कुणबिणीची सत्ता नव्हती. तिच्या हातीं होती ती केवळ पारख. जें आलें तें तिनें चाखून पाहिलें आणि त्यास असें आपलेंसें केलें कीं, त्याचें परकेपण आज कोणास जाणवत नाहीं. तिला रूढीची राखणदार म्हणणें हा तिचा गौरव नव्हे. ती स्वतः शोधक होती.

आज शहरांतील घरीं वांगें गॅसच्या ज्योतीवर भाजलें जातें आणि पऱ्हाटीचा वास नाहीं म्हणून वडीलधारी मंडळी हळहळतात. त्यांची हळहळ खरी आहे. मात्र ज्या वासासाठीं ती आहे तोही एके काळीं कोण्या घरांत नवाच असला पाहिजे, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.