मुखपृष्ठ : पुस्तकाची पहिली समीक्षा

चोखोबांनी उसाचा दाखला देऊन वरल्या रंगाला न भुलण्याचा उपदेश केला, त्याला सहाशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात उभ्या असलेल्या वाचकाची अडचण कायम आहे. ऊस चरकात गेल्याखेरीज रसाची गोडी कळत नाही आणि पुस्तक विकत घेण्याआधी ते वाचून पाहण्याची सोय नसते. लेखकाचे नाव ओळखीचे नसेल, तर किंमत आणि वरला रंग एवढ्याच दोन गोष्टी हाताशी उरतात. आम्ही साहित्याचे अभ्यासक मात्र मुखपृष्ठाला संहितेबाहेरची, व्यापारी सजावट मानून पुढे जातो. आमच्या मते ही चूक आहे. मुखपृष्ठ ही पुस्तकाची पहिली समीक्षा असते, आणि ती वाचनापूर्वीच वाचकापुढे येते. हे विधान तपासण्यासाठी आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेत आहोत, ज्यात मुखपृष्ठावर चित्रच नव्हते.

३० जुलै १९३५ रोजी लंडनमध्ये ऍलन लेन यांनी पेंग्विन मालिकेतील पहिली दहा पुस्तके बाजारात आणली. किंमत प्रत्येकी सहा पेन्स. त्या काळी नवी कादंबरी पुठ्ठा बांधणीत साडेसात शिलिंगांना, म्हणजे पंधरा पट किमतीला मिळे. स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके इंग्लंडला नवी नव्हती. रेल्वे स्थानकांवर ती पूर्वीपासून विकली जात. पण भडक चित्रे आणि हलका मजकूर अशी त्यांची ख्याती होती. स्वस्त म्हणजे सवंग, हे समीकरण वाचकाच्या मनात पक्के बसलेले होते. लेन यांना ते मोडायचे होते आणि त्यासाठी त्यांच्याजवळ मुखपृष्ठाखेरीज दुसरे साधन नव्हते, कारण आतला मजकूर बहुतांशी इतरत्र आधीच प्रसिद्ध झालेला होता.

ही रचना सर्वस्वी त्यांची नव्हती. १९३२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे सुरू झालेल्या अल्बट्रॉस मालिकेने पुस्तकाचा आटोपशीर आकार आणि विषयवारीनुसार रंग ही कल्पना आधीच अमलात आणली होती. पेंग्विनने पक्ष्याच्या नावासकट ती उचलली. एडवर्ड यंग या एकवीस वर्षांच्या तरुणाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पेंग्विनची रेखाटने केली आणि मुखपृष्ठाचा आराखडा आखला. वर व खाली रंगीत पट्टा, मध्ये पांढरा पट्टा, त्यात साध्या ठसठशीत अक्षरांत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव. कथा-कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. मालिकेतील पहिले पुस्तक आंद्रे मोर्वा यांनी लिहिलेले शेलीचे चरित्र होते. त्याच दहांत हेमिंग्वे होते आणि ऍगाथा ख्रिस्तीही होत्या.

या रचनेचा वाचकाच्या निवडीवर झालेला परिणाम दुहेरी होता. रंगाने वाचकाला दिशा दाखवली, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा : सर्व लेखकांना एकच चौकट मिळाल्यामुळे विश्वासाचे स्थान बदलले. अपरिचित लेखकाचे पुस्तक घेताना वाचक आता लेखकावर नव्हे, मालिकेवर भरवसा ठेवू लागला. शिवाय वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीने ६३,५०० प्रतींची मागणी नोंदवली, आणि ज्याने पुस्तकांच्या दुकानाची पायरी क्वचितच चढली असेल अशा गिऱ्हाइकापुढे ही पुस्तके आली. त्या गिऱ्हाइकाला हे मुखपृष्ठ काही समजावून सांगत नव्हते, भुलवतही नव्हते. तो निवड करू शकेल असे ते गृहीत धरत होते. चित्र नसण्यातला हा सन्मान आम्हांस विशेष वाटतो. पुढे इंग्रजीत ‘एक पेंग्विन’ म्हणजे कागदी बांधणीचे पुस्तक, असा सामान्यनामासारखा प्रयोग रूढ झाला.

अटलांटिकपलीकडे मात्र वेगळा विचार रुजत होता. १९३९ मध्ये सुरू झालेल्या पॉकेट बुक्सने पंचवीस सेंटांत सचित्र मुखपृष्ठाची पुस्तके विकायला घेतली. ती वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर आणि औषधांच्या दुकानांत नियतकालिकांच्या शेजारी मांडली जात. तिथे साधे मुखपृष्ठ नजरेत भरत नसे. पेंग्विनच्या अमेरिकन शाखेचे चालक कुर्ट एनॉख (हे पूर्वी अल्बट्रॉसच्या संस्थापकांपैकी एक) आणि व्हिक्टर वायब्राइट यांनीही चित्रांचा मार्ग धरला. लेन यांना तो मानवला नाही. १९४८ मध्ये दोघे वेगळे झाले आणि त्यांची सिग्नेट मालिका उभी राहिली.

याच मालिकेत १९५३ मध्ये जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी आली. जेम्स अवाटी यांच्या मुखपृष्ठचित्रात लाल टोपी घातलेला, हातात बॅग घेतलेला मुलगा शहराच्या रंगेल वस्तीसमोर उभा होता, आणि पुस्तक धक्का देईल असे सांगणारा मजकूरही वर होता. चित्र कौशल्यपूर्ण होते, खपाला मारक तर मुळीच नव्हते. सॅलिंजर मात्र नाराज झाले. १९६४ च्या बॅण्टम आवृत्तीवर तांबूस रंगाच्या पार्श्वभूमीवर केवळ कादंबरीचे आणि लेखकाचे नाव उरले. या नाराजीकडे लेखकाचा लहरीपणा म्हणून पाहण्यात अर्थ नाही. कादंबरीचा नायक वाचकाच्या मनात त्याच्या बोलण्यातून घडतो. चित्र त्याला आधीच चेहरा देते. हा अर्थनिर्णय आहे, आणि तो वाचकाच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो.

मग साधे मुखपृष्ठ निष्पक्ष म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. १९६० मध्ये पेंग्विनने डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी असंक्षिप्त स्वरूपात साडेतीन शिलिंगांना विकण्याचे ठरवले आणि दोन लाख प्रती छापल्या. अश्लीलतेचा खटला उभा राहिला. आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचावे असे आपणांस वाटेल काय, असा प्रश्न सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारला. त्या प्रश्नामागची भीती मजकुराइतकीच वाचकवर्गाविषयीची होती : हे पुस्तक कोणाच्या हाती पडणार? २ नोव्हेंबर १९६० रोजी पेंग्विन निर्दोष ठरले, आणि १० नोव्हेंबरला विक्री सुरू होताच त्या सर्व प्रती एका दिवसात संपल्या. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर स्त्री-पुरुषांचे चित्र नव्हते. पेंग्विनच्या परिचित नारिंगी चौकटीत स्टीफन रस यांनी रेखाटलेला फिनिक्स पक्षी, म्हणजे लॉरेन्सचे आवडते बोधचिन्ह, एवढेच होते. निकाल अर्थातच मुखपृष्ठाने लागला नाही. कायदा आतला मजकूर पाहतो. पण ज्याला हे पुस्तक आगगाडीत उघडपणे हातात धरायचे होते, त्याला त्या चौकटीने आधार दिला असणार, असे आम्ही मानतो. हे साहित्य आहे, असे ती चौकट सांगत होती. चित्र नसलेले मुखपृष्ठही समीक्षाच लिहीत होते. फक्त तिचा स्वर संयमी होता.

पुढे पेंग्विनलाही चित्रांकडे वळावे लागले. १९६१ मध्ये जेर्मानो फाचेत्ती कलासंचालक झाले आणि जुने पट्टे मागे पडत गेले. बाजाराने चित्राच्या बाजूने कौल दिला, हे खरे. मात्र त्या पंचवीस वर्षांचा धडा त्यामुळे पुसला जात नाही. वाचक पुस्तक निवडतो, तेव्हा त्याच क्षणी मुखपृष्ठही वाचक निवडत असते : कोणाला बोलवायचे, कोणाला दारातच थांबवायचे, हे ते ठरवते.

म्हणूनच आमच्याकडील एक गोष्ट आम्हांस खटकते. आपल्या अनेक ग्रंथालयांत पुस्तक टिकावे या सद्हेतूने मूळ मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठ्याची बांधणी केली जाते आणि कण्यावर दाखलांक तेवढा उरतो. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातून उतरलेली मुखपृष्ठे दुकानात पाहून एका पिढीने कादंबऱ्या घरी नेल्या. संहिता आजही उपलब्ध असते; पण ती कोणत्या रूपात वाचकापुढे आली, याचा पुरावा बांधणाऱ्याच्या कात्रीखाली गेलेला असतो. वाचनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने मग कशाच्या आधारे लिहावे? बांधणी अवश्य करावी. फक्त मूळ मुखपृष्ठ आत चिकटवून ठेवावे. एवढ्याशा खळीने समीक्षेचे एक पान वाचेल.