ग्रहणातली कोजागिरी

माझे धाकटे काका 1966 साली वाईहून बोस्टनला शिकायला गेले, ते दोन ट्रंका आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत ठासून भरलेली आजीची कांदा-लसूण चटणी घेऊन. खोली मिळेना. फोनवर ‘या’ म्हणणारे दारात चेहरा बघून ‘आत्ताच गेली हो’ म्हणत. शेवटी एका आयरिश म्हातारीनं माडीवरची खोली दिली. तिची अट एकच होती, असं काका सांगतात (काकूच्या मते अटी पुष्कळ होत्या): रेडिओवर रेड सॉक्सची, म्हणजे बोस्टनच्या बेसबॉल टीमची, मॅच चालू असताना बोलायचं नाही.

काकांचे कान क्रिकेटचे. ‘बॅट गोल, मैदान तिरकं, आणि चेंडू टप्पा न पडताच येतो,’ असं त्यांनी आजोबांना एरोग्रामवर कळवलेलं. पण म्हातारी शिकवायला चिवट. दर शनिवारी ती बोस्टनच्या रिवाजाप्रमाणे गुळमट बीन्स शिजवायची. काका त्यात चमचाभर चटणी कालवायचे. पुढं म्हातारीही कालवायला लागली. बीन्समध्ये डुकराचं मांस असतं, हे काकांना तीन महिन्यांनी कळलं. वाईला कळवलं नाही.

जेवताना गोष्टी निघत. फेनवे पार्क हे रेड सॉक्सचं मैदान 20 एप्रिल 1912 ला सुरू झालं, तेव्हा ही पोरगी बापाचं बोट धरून गेली होती म्हणे. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झालेले, लोक खेळापेक्षा त्याचंच बोलत होते. बेब रुथला तिनं डावऱ्या हातानं पिचिंग करताना पाहिलेलं; 1918 ला त्यानं दोन सामने जिंकून दिले आणि टीमनं वर्ल्ड सीरिज घेतली. त्यानंतर मालक हॅरी फ्रेझी यानं रुथला न्यूयॉर्कच्या यांकीजना लाखभर डॉलरला विकलं. फ्रेझीचा धंदा नाटकाचा. काका म्हणायचे, “आपल्याकडं तमाशापायी मळा विकलेले कमी का आहेत?” त्यानंतर टीमला वर्ल्ड सीरिज काही मिळेना; लोक पुढं त्याला रुथचा शाप म्हणायला लागले. म्हातारी मात्र कधी शाप म्हणाली नाही. “विकलं,” एवढंच म्हणायची.

एका गोष्टीवर ती गप्प व्हायची. मेजर लीगमध्ये काळा खेळाडू घेणारी सगळ्यांत शेवटची टीम हीच. जॅकी रॉबिन्सन 1945 ला फेनवेवर चाचणीला येऊन गेला, त्याला घेतलं नाही. तो 1947 ला ब्रुकलिनकडून खेळला, आणि बोस्टनला पम्प्सी ग्रीन यायला 1959 उजाडलं. खोलीसाठी दारोदार फिरलेल्या काकांना हे वेगळं समजवायची गरज नव्हती. मला वाटतं, शापबिप शोधणाऱ्यांनी आधी इथं बघायला हवं होतं.

1967 चा उन्हाळा मात्र काकांच्या तोंडून ऐकावा. आदल्या वर्षी दहांत नववी आलेली टीम लीगमध्ये पहिली आली. कार्ल यास्त्रेम्स्की सरासरी, होम रन आणि धावा, तिन्हीत अव्वल. “बटाटे पिकवणाऱ्याचं पोर रे!” काका अजून कौतुकानं सांगतात. पण वर्ल्ड सीरिजच्या शेवटच्या, सातव्या सामन्यात सेंट लुईसकडून हरले. म्हातारीनं रेडिओ बंद केला आणि भांडी घासायला घेतली. 1975 लाही सातव्यातच हरले. त्यानंतर ती गेली. साल नक्की आठवत नाही. 1986 ची हार बघायला नव्हती, ते बरंच. बिल बकनरच्या पायांतून चेंडू गेला आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्यालाच धरलं. बरोबरी त्याआधीच झाली होती, हे कोण सांगतं!

2004 ला मी शिकायला काकांकडंच होते. यांकीजविरुद्ध तीन सामने मागं पडून रेड सॉक्सनी ओळीनं चार जिंकले. तसं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना 27 ऑक्टोबरला. रात्री कोजागिरी, आणि नेमकं खग्रास चंद्रग्रहण. काकूनं दूध आटवून, वर तुळशीचं पान टाकून झाकून ठेवलं: मोक्ष होईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. चंद्र तांबडा झालेला मी पाहिला असं मला आठवतं. काका म्हणतात ढग होते.

पावणेबाराच्या सुमारास रेड सॉक्सचा पिचर फोक यानं आलेला चेंडू अडवला, चार पावलं पळत फर्स्ट बेसकडं हळूच टाकला. संपलं. शहाऐंशी वर्षं. काका उठले, स्वयंपाकघरात गेले, झाकण काढून उभ्या उभ्या पेलाभर दूध प्याले. ग्रहण सुटायला तास होता. काकूनं बघितलं, पण काही बोलली नाही.

सकाळी ते पेपर घेऊन म्हातारीच्या कबरीवर गेले. तिथं बरीच माणसं आपापल्या बापाच्या, आजाच्या दगडापाशी टोप्या, पेपर ठेवत होती. पेपर वाऱ्यानं उडू नये म्हणून काकांनी वर चटणीची बाटली ठेवली.

“भरलेली?” घरी आल्यावर काकूनं विचारलं.

“अर्धी होती.”

“अहो, मग एखाद्या डब्यात तरी काढून न्यायची. तसली झाकणाची बाटली इथं मिळते का कुठं?”