डाळीवरची जुनी बंदी

मूत्रपिंड निकामी झाले की डाळ बंद. नांदेडमधल्या मुखेडच्या वाड्या-तांड्यांपासून मुंबईपर्यंत हे पथ्य इतके पक्के आहे, की ते आजीबाईच्या बटव्यातलेच वाटावे. पण त्याचे आजचे रूप विसाव्या शतकातल्या दवाखान्यांत घडले. वॉल्टर केम्पनर यांनी 1940च्या दशकात अमेरिकेत रुग्णांना भात, फळे आणि साखरेवर ठेवले. इटलीत जिओर्दानो यांनी 1963मध्ये, तर जिओव्हानेट्टी आणि माजिओरे यांनी 1964मध्ये दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम प्रथिनांचा आहार मांडला. प्रथिनांपासून युरिया होतो, तो बाहेर काढायला मूत्रपिंड उरलेले नाही, म्हणून प्रथिनेच तोडायची. रक्त यंत्राने शुद्ध करणारे, म्हणजे डायलिसिसचे, कोल्फ यांचे यंत्र 1943चे असले, तरी माणसाला वर्षानुवर्षे त्यावर जगवता येते हे सिएटलमध्ये स्क्रिब्नर यांनी 1960मध्ये दाखवले. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स पुढे 11 वर्षे जगले. पण यंत्र लाभणारे मूठभर, बाकीच्यांना हा आहारच आधार. त्या काळी ही बंदी शहाणपणाचीच होती.

डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. युरिया काढणारे यंत्र दर खेपेला साधारण 6 ते 12 ग्रॅम प्रथिने आणि अमिनो आम्लेही घेऊन जाते. म्हणून अशा रुग्णाला किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. 50 किलोच्या माणसाला 50 ते 60 ग्रॅम. लोरी आणि ल्यू यांनी 1990मध्ये अमेरिकेतल्या 12 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरमागे 4 ग्रॅमच्या खाली जसजसे घसरत गेले, तसतसा मृत्यूचा धोका चढत गेला. स्नायूंतून रक्तात येणारे क्रिएटिनिन कमी असणाऱ्यांचाही धोका जास्त निघाला, कारण तो आकडा पुष्कळदा झिजलेल्या स्नायूंचा असतो. रिपोर्ट चांगला आणि माणूस खंगलेला, असे होऊ शकते.

मराठवाड्यात यंत्र उशिरा पण झपाट्याने आले. डायलिसिसचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता. लातूरसह उरलेले राज्य त्या योजनेत 2013च्या नोव्हेंबरात आले. 2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. यंत्राचे पैसे सरकार भरू लागले, पण ताट 1964चेच राहिले. तेही तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या मुलखात! भाकरीच्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते डाळ भरून काढते. डाळ काढली की भाकरीचे प्रथिनही अर्धवट ठरते.

डॉक्टर म्हणतील, अल्ब्युमिन केवळ उपाशीपणाने नव्हे, तर जंतुसंसर्गाने आणि शरीरातल्या दाहानेही उतरते. खरे आहे, नुसते चारून प्रत्येकाचे आयुष्य वाढत नाही. पण दाहाने आधीच झिजणाऱ्या शरीराचे अन्न तोडावे, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: डाळीत पोटॅशियम आणि फॉस्फरस असते आणि आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होत असेल तर ते साचते. त्यावर प्रमाण ठरवणे, डाळ भिजवून पाणी टाकणे, चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग हे उपाय आहेत. शिवाय डाळीतला फॉस्फरस पाकीटबंद खाऊतल्यापेक्षा कमी शोषला जातो. सरसकट बंदी हा त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग मार्ग. तेव्हा डायलिसिसवरच्या रुग्णाच्या घरच्यांनी क्रिएटिनिनसोबत अल्ब्युमिनचा आकडाही विचारावा, आणि डाळ बंद करायला कुणी सांगितले तर ते पथ्य यंत्राआधीचे की नंतरचे, हेही विचारून घ्यावे.