मुलगा अठराचा झाला, आता अब्बांची पोटगी बंद?

तलाक किंवा खुला झाल्यावर मुलं अम्मीकडे राहतात. मग बारावीच्या ऐन वर्षात अब्बांचा निरोप येतो, "आता तू बालिग झालास, पैसे बंद." आमच्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर मुलासाठी वेगळं आहे, मुलीसाठी वेगळं.

आधी एक घोळ. शरीअतमधला बालिग आणि कोर्टातला सज्ञान एकच नव्हे. पोटगीसाठी कोर्ट 18 वर्षं पूर्ण झालेली बघतं. पंधराव्या वर्षी मुलगा बालिग झाला म्हणून हात झटकता येत नाहीत.

दुसरा घोळ 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याचा. त्यात मूल जन्मापासून दोन वर्षांचं होईपर्यंत खर्च लिहिलाय, पुढे काही नाही, असं आजही छातीठोकपणे सांगतात. बिहारच्या नूर सबा खातून यांच्या प्रकरणात पाटणा हायकोर्टानेही तसंच धरलं होतं. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. ती दोन वर्षं आईच्या हक्काची, मुलांचा हक्क त्यांचा स्वतःचा. ऐपत असलेल्या बापाने मुलं सज्ञान होईपर्यंत किंवा त्याआधी कमावती होईपर्यंत पोसायचं, आणि मुलीला निकाह होईपर्यंत.

म्हणजे मुलगी वीस वर्षांची, बी.एस्सी.ला असेल, तरी तिचा नफका संपत नाही. फक्त रस्ता बदलतो. मॅजिस्ट्रेटकडचं कलम (पूर्वीचं 125, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेतलं 144) साधारण अठरापर्यंतच चालतं. पुढची मागणी शरीअतच्या आधारे फॅमिली कोर्टात करावी लागते. ती स्वतः पुरेसं कमावत असेल तर कोर्ट तेही बघतं.

मुलाचं मात्र अवघड आहे. अठरानंतर कलम 144 त्याला तेव्हाच लागू, जेव्हा शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे तो कमवू शकत नाही. नुसतं "कॉलेज चालू आहे" या कारणाने त्याखाली पोटगी मिळत नाही. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा सध्या असा आहे. म्हणून खुलानामा किंवा तडजोडीचा कागद करतानाच "पदवी पूर्ण होईपर्यंत फी आणि हॉस्टेलचा खर्च वडील देतील" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि तडजोड कोर्टात नोंदवा. तोंडी कबुली नंतर कोणी मानत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, फीच्या पावत्या आणि वडिलांच्या कमाईचा जो मिळेल तो पुरावा सोबत न्या.