पदनाम आणि कार्य : डॉ. इर्मगार्ड फ्ल्यूगे-लोट्झ यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्थलांतरित शास्त्रज्ञांचा इतिहास लिहिताना शोध व सन्मान यांची नोंद घेतली जाते. पदनामांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. जर्मनीत जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विमानविज्ञान अभियंत्या डॉ. इर्मगार्ड फ्ल्यूगे-लोट्झ (१९०३–१९७४) यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जर्मनीतील संशोधन :
हॅनोव्हर येथून १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या गॉटिंगेनच्या वायुगतिकी संशोधन संस्थेत लुडविग प्रांट्ल यांच्या सहकारी झाल्या. विमानाच्या पंखाच्या लांबीवर उचल देणारे बल कसे विभागले जाते, यासंबंधीचे प्रांट्ल यांचे समीकरण दिलेल्या आकाराच्या पंखासाठी सोडविणे अवघड होते. त्यावर त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गणनपद्धती ‘लोट्झ पद्धती’ म्हणून रूढ झाली. १९३८ मध्ये अभियंता विल्हेल्म फ्ल्यूगे यांच्याशी विवाह झाल्यानंतर बर्लिनमध्ये त्यांनी खंडित स्वयंचलित नियंत्रणाचा, म्हणजे केवळ चालू-बंद होणाऱ्या नियंत्रकांचा, अभ्यास आरंभिला. हे संशोधन नाझी राजवटीतील युद्धकालीन विमानविद्येच्या चौकटीत झाले, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

स्टॅनफर्डमधील स्थान :
१९४७ मध्ये पॅरिस व १९४८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ असा या दांपत्याचा प्रवास झाला. पती-पत्नी दोघांनाही एकाच विभागात प्राध्यापकपद देण्यास विद्यापीठाच्या नियमांची आडकाठी होती. परिणामी पती प्राध्यापक झाले, तर पत्नी व्याख्यात्या राहिल्या. त्यांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले; १९५३ मध्ये खंडित नियंत्रणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पदनाम मात्र बदलले नाही. १९६० मध्ये मॉस्को येथे भरलेल्या स्वयंचलित नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकेच्या प्रतिनिधिमंडळात त्या एकमेव महिला होत्या. त्यानंतरच त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतील त्या पहिल्या महिला प्राध्यापक होत.

निष्कर्ष :
नियमात ‘स्त्री’ हा शब्द नसला, तरी त्याचा भार पत्नीवरच पडला. सुमारे बारा वर्षे काम प्राध्यापकाचे व पद व्याख्यात्याचे, अशी ही स्थिती होती. केवळ प्राध्यापकांच्या नामावलीवरून त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यास हे नाव सापडणार नाही. स्त्रियांच्या शैक्षणिक योगदानाचा शोध घेताना सेवापुस्तिकेबरोबरच ग्रंथ, अध्यापन व विद्यार्थी यांच्या नोंदी तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.