वाटणीनंतरची तीन बेटे

श्रोतेहो, क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज हे नाव आपल्या खेड्यापाड्यांतही पोचले आहे. हिंदुस्थानकडे यायला निघालेला कोलंबस भलतीकडेच जाऊन पोचला आणि तिकडच्या बेटांना आपले नाव चिकटले. त्यांपैकी बोनेर, सिंट युस्टेशियस आणि साबा या तीन बेटांचा कारभार आज थेट नेदरलँड्सशी जोडलेला आहे. तो कसा, ते पाहू.

शिक्षकांनी वर्गात नकाशा उघडावा. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर बोनेर दिसेल. त्याचा दक्षिण भाग सपाट, मिठागरांचा. तेथून ईशान्येला सुमारे ८०० किलोमीटरवर उरलेली दोन बेटे. सिंट युस्टेशियस २१ चौरस किलोमीटरांचे, तर साबा अवघे १३. साबा म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगरच. येथे रस्ता होणे नाही, असे इंजिनिअर सांगून गेले. तेव्हा जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या तिथल्याच माणसाने टपालाने धडे मागवून ती विद्या शिकून घेतली, आणि बेटावरच्या लोकांनी हातांनी रस्ता बांधला. त्याचा पहिला टप्पा १९४३ साली पुरा झाला.

सिंट युस्टेशियसची गोष्ट निराळी. अठराव्या शतकात हे खुले बंदर होते. साखर, कापड, बंदुकीची दारू आणि गुलाम म्हणून विकली जाणारी माणसेसुद्धा येथून जात. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी बंडखोर अमेरिकेचे जहाज बंदरात आले, तेव्हा किल्ल्यावरून त्याला तोफांची सलामी मिळाली. इंग्रजांच्या मनात हा राग राहिला. १७८१ साली ॲडमिरल रॉडनीने बेट घेतले आणि वखारी लुटल्या. गुलामांना मात्र मुक्ती मिळाली ती १ जुलै १८६३ रोजी.

निशाण डच, पण भाषा? साबा व सिंट युस्टेशियस येथे लोक इंग्रजी बोलतात. बोनेरवर पापियामेंटू चालते. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी बोलींच्या मिश्रणातून ती घडली. चलन तर २०११पासून अमेरिकन डॉलर आहे!

ही बेटे पूर्वी नेदरलँड्स अँटिलीस या संघात होती. पुढे काय करायचे, म्हणून लोकांची मते घेतली. साबा व बोनेर यांनी नेदरलँड्सशी थेट नाते मागितले. सिंट युस्टेशियसने मात्र २००५ साली संघातच राहण्याचा कौल दिला. पण बाकीचे भाऊ वाटण्या करून निघाल्यावर एकट्याने एकत्र कुटुंब कसे चालवावे? १० ऑक्टोबर २०१० रोजी संघ मोडला आणि तिन्ही बेटे नेदरलँड्सच्या खास नगरपालिका झाली. पुढे २०१८मध्ये हेग सरकारने सिंट युस्टेशियसची निवडलेली सभा बरखास्त करून कारभार आपल्या हाती घेतला. २०२०मध्ये तेथे पुन्हा निवडणूक झाली.

बेट लहान म्हणून त्याचे मतही लहान धरायचे काय? मंडळी, चावडीवर बसून गावाचा कारभार पाहणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न परका वाटू नये.