राजानं मागं वळून पाहिलं

आमच्या विद्यानगरात पहाटेची पहिली जाग रेल्वेची असते. स्टेशन जवळ, त्यामुळे गजराची गरज नाही. त्या रविवारी मात्र गाडीच्या आधी सासूबाई जाग्या होत्या. नऊवारी नेसून, हातात जपमाळ घेऊन सोफ्यावर बसलेल्या. वय चौऱ्याऐंशी. "निघायचं ना? उशीर झाला की ऊन लागतं," असं तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा माझ्या दशम्या अजून तव्यावर होत्या.

आम्ही कुलपाकजीला निघालो होतो. हैदराबादहून ऐंशी किलोमीटर. इतकी वर्षं या शहरात राहून सासूबाईंचं हे दर्शन राहून गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी मीच कारणीभूत.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी त्या शेजारणीला कुलपाकची गोष्ट रंगवून सांगत होत्या. माणिक्यस्वामींची, म्हणजे आदिनाथ भगवंतांची पाचूची मूर्ती. भरत चक्रवर्तीनं ती घडवली, पुढं ती इंद्राकडं गेली, मग रावणाकडं. मंदोदरी तिची पूजा करायची. लंका पडायच्या वेळी मूर्ती समुद्रात गेली. खूप काळानं कल्याणच्या शंकर राजाच्या राज्यात रोगराई आली, तेव्हा पद्मावती देवीनं मूर्तीचा ठाव सांगितला. अट एकच, मूर्ती गाडीतून नेताना राजानं मागं वळून पाहायचं नाही. राजा निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं, मूर्ती खरंच येतेय का मागून? त्यानं वळून पाहिलं, आणि मूर्ती जिथल्या तिथं थांबली. तेच कुलपाक.

मी त्या वेळी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणून गेले, "आई, तिथली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे हो. पाचूची नाही." बी.ए.ला इतिहास घेतल्याची ही खोड. शेजारीण हसली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर ही गोष्ट त्यांनी माझ्यासमोर कधी सांगितली नाही. कुलपाकचं नावही काढलं नाही. एका वाक्यानं मी त्यांची पन्नास वर्षांची यात्रा रद्द केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तर ती भरपाई करायला आम्ही निघालो. सासूबाई, हे, मी आणि सुट्टीवर आलेला माझा पुतण्या. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, आणि त्याच्या फोनमध्ये जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात.

तारनाका, हबशीगुडा, उप्पल, घटकेसर. बीबीनगर मागं पडलं आणि समोर भोनगीरचा डोंगर दिसायला लागला. डोंगर कसला, एकच अखंड खडक. जणू कुणीतरी मोठी काळी हंडी उपडी घालून ठेवलीय. वरचा किल्ला कल्याणी चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. त्याची पदवी त्रिभुवनमल्ल, त्यावरून त्रिभुवनगिरी, आणि लोकांच्या तोंडी होता होता भुवनगिरी, भोनगीर.

मला मात्र भोनगीर म्हटलं की विक्रमादित्याच्या आधी श्याम बेनेगल आठवतात. त्यांचा जन्म १९३४चा, आपल्या हैदराबादच्या तिरमलगिरीचा. शिकले निजाम कॉलेजात. त्यांच्या 'मंडी'चं, १९८३च्या, चित्रीकरण या भोनगीरमध्ये झालं. शबाना आझमी, स्मिता पाटील, नसिरुद्दीन शाह. गुलाम अब्बास यांच्या 'आनंदी' या उर्दू कथेवरून घेतलेला सिनेमा. गावातले प्रतिष्ठित लोक कोठ्याला गावाबाहेर हुसकतात, ओसाड जागी, एका दर्ग्याजवळ. आणि मग गंमत अशी होते, की हळूहळू माणसंच तिकडं वळतात आणि ओसाड जागा गजबजते.

ही गोष्ट मी गाडीत सांगितली, अर्थात सासूबाईंच्या कानांना झेपेल इतकीच. त्या म्हणाल्या, "मग काय! देव असो की बाजार, माणसं जातात तिथं गाव होतं." सिनेमा न पाहता त्यांनी त्याचं सार सांगून टाकलं.

आलेरला हमरस्ता सोडला की सहा-सात किलोमीटरवर कोलनुपाक. आता साधं खेडं. पण अकराव्या-बाराव्या शतकात हे कोल्लिपाक म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचं नांदतं शहर. कोल्लिपाक-सातहजार नावाच्या प्रांताचं हे ठाणं. हा तोच विक्रमादित्य, ज्याच्या दरबारात विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' लिहिली. आपल्याकडं वारसाहक्काचे खटले पुढं कित्येक शतकं जिच्या आधारावर चालले, तीच.

आणि सासूबाईंच्या गोष्टीतला राजा कुठला? कल्याणचा! आम्हा मराठी माणसांना कल्याण म्हटलं की मध्य रेल्वे आठवते. हे कल्याण म्हणजे बिदरजवळचं बसवकल्याण. सासूबाईंचं माहेर लातूरकडचं. त्यांचा जन्म झाला तेव्हा लातूर, बिदर आणि कोलनुपाक ही तिन्ही ठिकाणं एकाच निजामी राज्यात होती. १९५६ साली १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरकडं आणि तेलंगण आंध्रात. म्हणजे आज तीन राज्यांत विखुरलेली ही गोष्ट त्यांच्यासाठी एका मुलखातली, घरची गोष्ट होती. मी ती परक्यासारखी तपासत बसले होते.

देवळात गेलो. पांढरंशुभ्र शिखर, राजस्थानी-गुजराती कारागिरांच्या हातचं नवं काम. आत आदिनाथ, नेमिनाथ आणि महावीर. महावीरांची हिरवट जेड दगडाची मूर्ती एकशे तीस सेंटिमीटर उंच, एकाच दगडातून कोरलेली म्हणतात. आम्ही दिगंबर, सैतवाळ. आमच्या डोळ्यांना अंगावर काही नसलेल्या, अर्धोन्मीलित नजरेच्या मूर्तींची सवय. इथं श्वेतांबर पूजा, मूर्तींना बसवलेले चमकदार डोळे. पहिली दोन मिनिटं मला चुकल्यासारखं झालं. सासूबाईंना काहीच झालं नाही. त्या माणिक्यस्वामींसमोर बसल्या. काळ्या मूर्तीकडं बराच वेळ पाहत राहिल्या. मी धास्तावले होते, आता काय म्हणतील?

काहीच म्हणाल्या नाहीत. णमोकार म्हणत राहिल्या.

बाहेर ओट्यावर बसून मी पुतण्याला इतिहास सांगू लागले. सासूबाईंच्या गोष्टीचं सर्वांत जुनं लेखी रूप जिनप्रभसूरींच्या ग्रंथात आहे. 'विविधतीर्थकल्प' हा त्यांचा ग्रंथ १३३०च्या सुमारास पुरा झाला. हे सूरी महाराज महंमद तुघलकाच्या काळात आपल्या दौलताबादेत राहून गेलेले. श्वेतांबर आचार्य, तीर्थं हिंडत त्यांच्या कथा टिपून ठेवायचे. म्हणजे सासूबाईंची गोष्ट निदान सातशे वर्षं जुनी. आमच्या घरात एवढी जुनी दुसरी वस्तू नाही.

मग आम्ही गावातल्या सोमेश्वराच्या देवळाकडं गेलो. तिथल्या आवारात पुरातत्त्व खात्यानं गावातून मिळालेल्या मूर्ती ठेवल्या आहेत. वीरशैवांचं हे मोठं स्थान. त्यांचे आचार्य रेणुकाचार्य याच लिंगातून प्रकटले अशी श्रद्धा आहे. त्या मूर्तींत तीर्थंकरही आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचं डोकं.

पुतण्या थांबला. "काकू, हे सगळं आपलं होतं ना?"

"होतं."

"मग घेतलं कुणी? आणि आपण गप्प कसे?"

त्याचा आवाज चढला होता. आणि लपवत नाही, माझ्याही छातीत काहीतरी तापलं. डोकं नसलेल्या जिनासमोर उभं राहून तात्त्विक बोलणं सोपं नसतं. बाराव्या शतकात कल्याणात बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली, पुढं शैव पंथ पसरला, राजाश्रय हलला आणि तेलंगणातली अनेक जैन ठाणी ओस पडली, हा इतिहास आहे. तो मी त्याला सांगितला. पण समोरच्या मूर्तीचं डोकं माणसाच्या हातोड्यानं गेलं की आठशे वर्षांच्या उन्हापावसानं, ते दगडावर लिहिलेलं नव्हतं.

मग मी त्याला विचारलं, "आपलं म्हणजे कुणाचं रे?" कारण याच गावच्या बाराव्या शतकातल्या कन्नड लेखात अंबिकेच्या देवालयाला गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि त्यात आलेला मुनिगण दिगंबर परंपरेतला. आज पूजा श्वेतांबरांची. उद्या मी देवळाच्या ट्रस्टींना जाऊन म्हणू का, हे आमचं होतं? ज्या बंधूंनी पडझडीतून देऊळ उभं केलं, दिवा तेवत ठेवला, त्यांच्याशी भांडू? आणि या भग्न मूर्ती आज छपराखाली आहेत, त्या शंकराच्याच अंगणात.

करीमनगर जिल्ह्यात कुरिक्यालला एक टेकडी आहे. तिथं दहाव्या शतकातला एक लेख कोरलाय. आदिकवी पंपाचा भाऊ जिनवल्लभ, त्याचा. एकाच खडकावर संस्कृत, कन्नड आणि तेलुगू. आणि मराठीतले अगदी जुने कोरीव शब्द सापडतात ते कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी. आपलं-परकं करायला निघालं तर आपली स्वतःची भाषासुद्धा दुसऱ्याच्या अंगणात सापडते. पुतण्या काही पटल्यासारखा दिसला नाही. पण फोन त्यानं खिशात ठेवला.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. दशम्या, तिळाची चटणी, दहीभात आणि भरली वांगी. कांदा-लसूण अर्थातच नाही. माझ्या भरल्या वांग्यांत तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि चिंच असते. हैदराबादच्या बघारे बैंगनमध्ये हेच असतं. मराठवाडा आणि हैदराबाद एका राज्यात नांदले याचा पुरावा कुणाला हवा असेल तर माझ्या डब्यात मिळेल. पण चालुक्यांच्या काळी यातला शेंगदाणा नव्हता, मिरचीही नव्हती. दोन्ही नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर, त्यानं ११३०च्या सुमाराला 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मांडे आहेत, पुऱ्या आहेत, दह्यात भिजवलेले वडे आहेत, उडदाची इडलीसारखी इडरिका आहे. मांसाचे प्रकारही भरपूर, ती पानं मी उलटते. तेव्हा तिखटाला मिरं होतं. म्हणजे ज्या चवीला मी 'पारंपरिक' म्हणते, ती कुलपाकच्या देवळापेक्षा वयानं बरीच लहान!

सासूबाई वांगं मोडता मोडता एकदम म्हणाल्या, "काळीच आहे मूर्ती. तू म्हणाली होतीस तशी."

माझा घास घशात अडकला. "आई, मी तेव्हा..."

"अगं, पाचू काय सगळ्यांना दिसतो का? मंदोदरीला दिसला. मला मोठी शांतता दिसली. बास की." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्या राजाचं बरंच झालं म्हणायचं. त्यानं मागं वळून बघितलं नसतं, तर देव कल्याणला गेला असता. आपल्याला इतक्या जवळ मिळाला असता का?"

ही गोष्ट मी आजवर राजाच्या शिक्षेची गोष्ट समजत होते. ओरिसात साक्षीगोपाळाची कथा अशीच आहे. भक्तानं वळून पाहिलं आणि देव तिथंच उभा राहिला. इतिहास शिकलेल्या माणसाचं कामच मुळी मागं वळून बघण्याचं. राजानं बघितलं ते शंकेनं. मी सासूबाईंची गोष्ट तपासली तीही तशीच. पुतण्यानं दुपारी बघितलं ते रागानं. आणि सासूबाईंनी बघितलं, तेव्हा त्यांना दिसलं काय, तर देव आपल्या वाटेत थांबला. दगड काळा हे खरंच, ते मी बदलणार नाही. पण ते सांगायची वेळ आणि सूर, तो मला बदलता आला असता.

सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून लवकर निघालो. भोनगीर मागं पडताना पुतण्यानं काच खाली केली आणि वळून त्या खडकाकडं पाहिलं.

"आजी, ती गोष्ट पुन्हा सांग ना. मंदोदरीपासून."

सासूबाईंनी आरशात माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सांगा आई. मला पण ऐकायचीय."

उप्पल येईपर्यंत पाचूची मूर्ती समुद्रातून वर आली होती. तारनाक्याच्या सिग्नलला राजा गाडीत बसला होता. आणि विद्यानगरात आमच्या दारात त्यानं मागं वळून पाहिलं.